कौसल्येच्या आधीची जयश्री

नटाच्या आयुष्यात एखादी भूमिका अशी येते की ती त्याला घराघरांत पोचवते आणि त्याच वेळी त्याची बाकीची सारी कमाई झाकून टाकते. दूरदर्शनच्या मालिकांनी हा प्रकार आपल्याकडे रूढ केला. त्याचा पहिला मोठा नमुना म्हणजे रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका. या मालिकेतल्या मराठी कलावंतांविषयी मला येथे लिहायचे आहे. त्यांच्या बाबतीत आपण प्रेक्षकांनी हिशेब उलटा मांडला, असे माझे स्पष्ट मत आहे.

२५ जानेवारी १९८७ रोजी ही मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजी तिचा ७८ वा भाग दाखवला गेला. चित्रीकरण झाले महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या, गुजरातेतल्या उंबरगावला. रविवारी सकाळी साडेनऊ वाजता रस्ते ओस पडत. आमच्या येळ्ळूरात तेव्हा टीव्ही मोजक्या घरांत होते. ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या सोप्यात निम्मी गल्ली येऊन बसे. पुढे २०२० च्या टाळेबंदीत, २८ मार्चपासून, हीच मालिका पुन्हा दाखवली गेली आणि ज्यांचे आईवडील १९८७ साली स्वतःच शाळकरी होते, अशा मुलांनी ती पाहिली. नंतर शाळा भरल्यावर मराठीच्या तासाला मी जयश्री गडकरांचे नाव काढले, तर वर्गातून उत्तर आले, “सर, ती रामायणातली कौसल्या.” उत्तर चूक नव्हते. पण ज्ञानेश्वरांची ओळख ‘रेड्याकडून वेद म्हणवणारे’ एवढीच करून द्यावी, तितके ते अपुरे होते.

हा अनुभव केवळ आपला नाही. आपल्याकडे जे स्थान पौराणिक कथांना, तेच अमेरिकेत घोडेस्वार आणि पिस्तूलवाल्यांच्या ‘वेस्टर्न’ कथांना आहे. तिथेही सज्जन-दुर्जनांचा उघड सामना असतो, रान असते आणि न्यायासाठी उभा राहिलेला एकटा पुरुष असतो. ‘गनस्मोक’ ही तिथली मालिका १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षे चालली. तीत मार्शल मॅट डिलनचे काम करणारे जेम्स आर्नेस जन्मभर मॅट डिलनच राहिले. ‘रॉहाइड’मधला क्लिंट ईस्टवुड मात्र मालिका चालू असतानाच इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या १९६४ च्या चित्रपटात गेला आणि पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला. ‘बोनान्झा’तल्या धाकट्या मुलाचे काम करणाऱ्या मायकेल लँडननेही लेखन-दिग्दर्शनाची वाट धरली. म्हणजे लोकप्रिय मालिकेतल्या नटापुढे दोन वाटा असतात. एक, त्याच भूमिकेत मुक्काम करायचा. दुसरी, ती ओलांडून पुढे जायचे.

‘रामायण’मधल्या प्रमुख नटांना दुसरी वाट फारशी मिळाली नाही. अरुण गोविल यांनी त्याआधी ‘सावन को आने दो’सारख्या चित्रपटांत नायकाचे काम केले होते, पण रामानंतर लोकांना त्यांच्यात दुसरे कोणी दिसेना. सीतेचे काम करणाऱ्या दीपिका चिखलिया आणि रावणाचे काम करणारे अरविंद त्रिवेदी १९९१ साली लोकसभेवर निवडून गेले. गोविल यांचीही खासदारकी २०२४ मध्ये आली. मते मागताना भूमिकाच कामाला आली, अभिनय नव्हे. हे नवेही नाही. विजय भट्ट यांच्या १९४३ च्या ‘रामराज्य’नंतर प्रेम अदीब आणि शोभना समर्थ यांचीही अशीच राम-सीता म्हणून पूजा झाली होती. शोभनाबाई मराठीच. मुळात पौराणिक चित्रपटाचा हा धंदाच मराठी माणसाने सुरू केला. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे एकट्या अण्णा साळुंके यांनी केली होती.

सागर यांच्या मालिकेतल्या मराठी ज्येष्ठांची गोष्ट या दोन्ही वाटांहून वेगळी आहे. ते ‘रामायण’मधून निघाले नाहीत, तर आयुष्याची शिदोरी घेऊन ‘रामायण’पाशी पोचले. मंथरा झालेल्या ललिता पवार तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांपासून पडद्यावर होत्या. तरुणपणी त्या नायिका होत्या. १९४१ च्या ‘अमृत’मध्ये, म्हणजे वि. स. खांडेकरांच्या कथेवरच्या मास्टर विनायकांच्या चित्रपटात, त्यांचे काम होते. १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड वर्मी लागली आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. दुसरी एखादी बाई घरी बसली असती. ललिताबाईंनी त्या डोळ्यालाच कामाला लावले. १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. वाड्यातले कारस्थान, गादीचा लोभ, कानाशी लागून बोलणे आणि बोलून झाल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे रोखून पाहणे, हे सारे तिथे आहे. मंथरेकडे पाहताना मला शनिवारवाड्यातली ही आनंदीबाई आठवते. प्रेक्षकाला वाटते, म्हातारी सहज बोलून गेली. त्या सहजतेमागे त्रेचाळीस वर्षांची तालीम आहे. शिवाय त्या निव्वळ खाष्ट सासू नव्हत्या. १९५९ च्या ‘अनाडी’तली वरून फणसासारखी काटेरी आणि आतून गोड अशी मिसेस डिसा ज्याने पाहिली, तो हे मान्य करील. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला होता.

आता जयश्री गडकर. आम्हां सीमाभागातल्या लोकांना त्यांच्याविषयी जवळीक वाटण्याचे एक कारण आहे. त्यांचा जन्म कारवारकडचा. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत बेळगाव, निपाणीच्या सोबतीने जे कारवार येत असे, तेच हे कारवार. १९५६ साली भाषावार प्रांतरचना होऊन आमचा मुलूख पूर्वीच्या मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच सुमारास ही मुलगी समूहनृत्यातल्या मुलींच्या रांगेतून बाहेर पडून मराठी पडद्यावर नायिका होत होती. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. तीत आईचे काम हंसा वाडकरांचे आणि मुलीचे जयश्रीबाईंचे. एका पिढीने दुसरीच्या हाती फड सोपवावा, तसाच तो प्रसंग होता.

पण त्यांना ‘तमाशापटांची नायिका’ म्हणून मोकळे होणे हाही अन्यायच. १९६१ च्या ‘मानिनी’मध्ये त्या गरीब घरात स्वाभिमानाने नांदणारी श्रीमंताघरची लेक होतात. १९६३ च्या ‘मोहित्यांची मंजुळा’मध्ये, भालजी पेंढारकरांच्या हाताखाली, त्या शिवकालीन शूर मंजुळा होतात. घोडी, तलवारी आणि गडकिल्ले यांचा हा कोल्हापुरी चित्रपट म्हणजे आपला देशी ‘वेस्टर्न’च. आमच्या वडिलांच्या पिढीने तो पाहिला आणि मग आमच्या डोक्यावरच्या राजहंसगडाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. १९६५ च्या ‘साधी माणसं’मध्ये त्या सूर्यकांतांबरोबर कष्टकरी संसार उभा करतात. फडावरची नर्तकी, घरंदाज सून, रणरागिणी आणि गरिबाची बायको, अशी चार माणसे एकाच बाईने पडद्यावर उभी केली.

हे सारे ध्यानात घेऊन कौसल्येकडे पाहावे. सागर यांचे दिग्दर्शन संथ. प्रसंग लांबतात, रवींद्र जैन यांचे सूर चालू राहतात आणि कॅमेरा चेहऱ्यावर रेंगाळतो. अशा वेळी कच्चा नट उघडा पडतो, कारण बोलायला वाक्य नसते आणि चेहरा तर दिसत असतो. जयश्रीबाई अशा जागी डगमगत नाहीत. लावणीच्या अदाकारीत डोळ्यांनी बोलायला शिकलेल्या या नटीने येथे तेच डोळे आवरून धरले. वनवासाला निघालेल्या मुलासमोर ही आई फार रडत नाही, रडणे थोपवते. त्यांचे पती बाळ धुरी यांचा दशरथ मात्र मोकळेपणाने कोसळतो. एकाने सांडायचे आणि दुसऱ्याने सावरायचे, अशी ती जोडी जमली. त्या प्रसंगांत मला भव्य मुकुटांपेक्षा या दोघांचे मराठी घरगुतीपण अधिक खरे वाटते.

या मालिकेत दोन मराठी नट असेही आहेत, की ज्यांच्या बाबतीत भूमिका वरचढ ठरली. भरत झालेले संजय जोग १९९५ साली, वयाच्या अवघ्या चाळिशीत वारले. पादुका डोक्यावर घेतलेला भरत हीच त्यांची ओळख उरली, कारण दुसरी घडवायला काळाने सवड दिली नाही. वसिष्ठ झालेले सुधीर दळवी हे १९७७ च्या ‘शिर्डी के साईबाबा’पासूनच लोकांच्या मनात साईबाबा होऊन बसले होते, त्यामुळे वसिष्ठही त्यांना त्या आसनावरून उठवू शकले नाहीत.

कोणी म्हणेल, ‘रामायण’ नसते तर आजच्या मुलांना जयश्री गडकर हे नावही ठाऊक नसते. यात तथ्य आहे. हिंदी मालिकेने या मराठी कलावंतांना देशभर पोचवले, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. पण दार म्हणजे घर नव्हे. आपण दारातच थांबलो, हा दोष मालिकेचा नाही, आपला आहे. सीमाभागात तर तो अधिक बोचतो. येथे मराठी टिकवायची म्हणजे नुसते मोर्चे आणि ठराव नव्हेत. आपल्या भाषेत काय काय घडून गेले, याची आठवणही टिकवावी लागते. परभाषेच्या पडद्यावर गाजलेली आपली माणसे तेवढ्याच ओळखीने आपल्या मुलांच्या डोक्यात राहिली, तर आपण आपल्याच भाषेतली त्यांची कमाई गमावली असे होईल.

ललिता पवार १९९८ साली गेल्या, जयश्री गडकर २९ ऑगस्ट २००८ रोजी. दोघींचे जुने मराठी चित्रपट अजून पाहायला मिळतात. गावोगावच्या वाचनालयांनी आणि शाळांनी वर्षातून एक संध्याकाळ त्यासाठी राखावी. आधी ‘रामशास्त्री’ आणि ‘मानिनी’ दाखवावे, मग वाटल्यास ‘रामायण’चा एखादा भाग. त्या क्रमाने पाहिले तर मंथरा आणि कौसल्या लहान होणार नाहीत, उलट अधिक समजतील.