‘ध’चा ‘मा’ आणि कथागीतांचा न्याय

फ्लेमिश लोकगीतांत हालेवाइन नावाच्या सरदाराचे कथागीत प्रसिद्ध आहे. गाण्याने मोहिनी घालून तरुणींना रानात नेणारा आणि तेथे त्यांचा जीव घेणारा हा पुरुष अखेरीस एका राजकन्येच्या हातून मरतो. रक्ताचे शिंतोडे उडतील, तेव्हा आधी अंगरखा उतरव, असे ती त्याला सांगते; तो उतरवीत असतानाच त्याचे शिर धडावेगळे होते. यान फ्रान्स विलेम्स यांच्या मृत्यूनंतर १८४८ साली निघालेल्या संग्रहात हे गीत आले. त्याची भावंडे इंग्लंड-स्कॉटलंडातही सापडतात. त्याची चाल मिस्सेतील लॅटिन क्रेडोच्या चालीशी जुळते, असे अभ्यासक सांगतात. यात मला पावित्र्यभंग वाटत नाही. माणसे ज्या सुरांत प्रार्थना करतात, त्याच सुरांत आपले भयही गातात. देवीपुढे उभा राहणारा आपला गोंधळीही पोवाडा गातोच की!

आपल्याकडे खुनाची कथा म्हटली की नारायणराव पेशव्यांचा वध आठवतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांना ठार केले. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी ठरवले ते रघुनाथरावांना. लोकस्मृतीने मात्र निकाल फिरवला: पत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, अशी कथा रूढ झाली. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार घरोघरी, आपल्या ख्रिस्ती घरांतही, बिनदिक्कत चालतो.

असे का व्हावे? गाद्या, वाटण्या, कारस्थाने जिभेवर राहत नाहीत. एक अक्षर राहते. मौखिक परंपरा टिकाऊ असते ती अशा सोयीमुळे, आणि तिचा अन्यायही तेथेच असतो. हालेवाइनच्या गीतात मरण गुन्हेगाराच्याच वाट्याला येते. आपल्या कथेत पुरुषाचा गुन्हा बाईच्या लेखणीवर ढकलला गेला. खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा म्हणींना लागू नाही काय?

पंचवटीहून गोदेच्या प्रवाहाविरुद्ध थोडे वर गेले की आनंदवल्ली लागते. रघुनाथरावांनी आनंदीबाईंच्याच नावावरून ठेवलेले हे गावाचे नाव. तेथे एखाद्या शाहिराने डफावर थाप मारून ही कथा त्या अक्षराविना गाऊन पाहावी. रंगते का, ते ऐकायला मी येईन.