शंभर डिस्कचे गणित

पुष्कळ हार्ड डिस्क एकत्र जोडल्या की माहिती अधिक सुरक्षित राहते, असे आपण सहज धरून चालतो. ज्या निबंधातून 'रेड' ही संज्ञा रूढ झाली, त्यात मात्र याच्या उलट गणित मांडले आहे. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी तो १९८८ मध्ये सादर केला. आयबीएम ३३८० सारख्या एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजी लहान, स्वस्त डिस्कचा समूह वापरावा, हा त्यांचा प्रस्ताव.

समजा, एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते. अशा १०० डिस्क जोडल्या तर त्यांतील पहिली बिघडायला सरासरी ३०० तासच लागतील. म्हणजे दोन आठवडेही नाहीत! माहिती सगळ्यांवर वाटून ठेवली असेल, तर वेग मिळेल पण भरवसा जाईल.

यावरचा उपाय वर्गात फळ्यावर करून दाखवता येतो. तीन डिस्कवर १, ०, १ हे अंक आहेत. चौथीवर असा अंक लिहायचा, की एकूण 'एक' सम संख्येत यावेत. येथे तो ०. आता मधला अंक पुसा. उरलेल्या १, १, ० मध्ये 'एक' दोनदा आला आहे. म्हणजे पुसलेला अंक ० होता. या सोयीची किंमतही लेखक लपवत नाहीत. एक छोटा बदल लिहायचा तर दोनदा वाचावे आणि दोनदा लिहावे लागते.

निबंधाचा एक पाया मात्र कच्चा आहे. प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे बिघडते, असे त्यात गृहीत धरले आहे. लेखक ते उघड सांगतात, हे खरे. पण एकाच खोक्यात, एकाच वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या डिस्कची दुखणीही एकत्र येऊ शकतात. पुढे २००७ मध्ये बियांका श्रोडर आणि स्वतः गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हे गृहीतक टिकले नाही. आपलेच गृहीतक पुन्हा तपासायला घेणे, ही विज्ञानाची खरी रीत.

दुसरी उणीव निबंधाची नाही, त्याच्या नावावर निर्धास्त राहणाऱ्यांची आहे. गुणपत्रकांची फाइल चुकून पुसली, तर दोन जोड-डिस्क ती तितक्याच तत्परतेने दोन्हीकडून पुसतात. आग आणि चोरी यांपुढेही समूह हतबल असतो.

म्हणून शाळेकडे दुसरी डिस्क असेल, तर आधी विचारावे: भीती कशाची आहे? काम अडण्याची असेल, तर ती जोडावी. माहिती जाण्याची असेल, तर तिच्यावर प्रत काढून ती दुसऱ्या इमारतीत कुलपात ठेवावी. बहुतेक शाळांना दुसरेच उत्तर लागू पडेल.