पुण्याचं नाटक आणि शंभर खुर्च्यांच्या खोल्या

पुण्यातल्या प्रायोगिक नाटकाविषयी लिहिताना लेखक-दिग्दर्शकांची नावं घ्यायची आणि थांबायचं, अशी आपली रीत आहे. गेल्या वीसेक वर्षांत या नाटकाचं रूप ज्यांनी सगळ्यात जास्त बदललं, ती माणसं त्यामुळे निसटून जातात. ती आहेत नाटकाच्या जागा उभ्या करणारी आणि चालवणारी माणसं. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, प्रदीप वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरंडवण्यात सुरू केलेलं ‘द बॉक्स’, हिराबागेतला श्रीराम लागू रंग-अवकाश या खोल्या नसत्या, तर आज पुण्यात प्रायोगिक नाटकाचा नियमित प्रयोग शोधावा लागला असता. या माणसांना मी उद्योजक म्हणते, आणि तो शब्द मला मुळीच हलका वाटत नाही. वीजबिल, भाडं, डिमर, खुर्च्या आणि तारखांची वही सांभाळत त्यांनी नाटकाला रोजचा पत्ता दिला.

महापालिकेच्या मोठ्या नाट्यगृहांचं गणितच वेगळं असतं. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभं राहिलं तेव्हा ते शहराच्या अभिमानाचा विषय होतं, आणि ते योग्यच होतं. पण तिथल्या तारखांसाठी व्यावसायिक नाटकं, ऑर्केस्ट्रा, लावणीचे कार्यक्रम आणि सत्कार समारंभ रांगेत असतात. पहिल्या प्रयोगाला साठ माणसं येतील की सत्तर याची खात्री नसलेल्या नव्या नाटकानं तिथे जायचं कशाच्या बळावर? छोट्या खोलीत मात्र साठ माणसं आली तरी घर भरल्यासारखं वाटतं.

ही खोली नाटकाला काय देते, ते जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. चारही भिंती काळ्या, पडदा नाही, विंग नावापुरती. आज खुर्च्या समोरासमोर मांडल्या, तर उद्या तीन बाजूंनी. नट पहिल्या रांगेपासून हातभर अंतरावर उभा असतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची सवय इथे उलटी अंगावर येते, कारण जोरात टाकलेलं वाक्य लगेच खोटं वाटतं. श्वास, नजर, हातातल्या कपाचा बशीवर होणारा आवाज, सगळं नाटकाचा भाग होतं. मोहित टाकळकर यांची ‘आसक्त’ किंवा निपुण धर्माधिकारी, अमेय वाघ, आलोक राजवाडे यांच्या पिढीची ‘नाटक कंपनी’ अशा संस्थांनी अभिनयाची ही खालच्या पट्टीतली भाषा घडवली. ती आता इतकी रुळली आहे की मराठी सिनेमात आणि वेब मालिकांमध्येही तिची ओळख पटते.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. खोली लहान झाली तसं नाटकही लहान झालं. दोन पात्रं, तीन पात्रं, एखादं टेबल, नव्वद मिनिटं. माणसाच्या आत डोकावणारं नाटक पुष्कळ आहे, माणसांचा जमाव रंगमंचावर आणणारं फार थोडं. ज्या शहरानं १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग पाहिला, त्या शहराबद्दल हे लिहिताना वाईट वाटतं. जब्बार पटेल यांच्या त्या प्रयोगात माणसांची एक रांगच भिंत व्हायची. ती डुलायची, गायची, कारस्थानं लपवायची आणि उघडीही करायची. अख्खी पुण्यनगरी त्या पाठमोऱ्या शरीरांमध्ये होती. पाठोपाठ १९७४ साली सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं आणि कीर्तनाच्या रचनेत एक चाळ मरणाभोवती गोळा झाली. ही दोन्ही नाटकं समूहाखेरीज उभीच राहू शकत नाहीत.

आजचे लेखक-दिग्दर्शक कमी धीट आहेत, असं मला म्हणायचं नाही. कारण पैशाचं आणि वेळेचं आहे. त्या पिढीत पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्र शिकवणारे. पोट नाटकावर अवलंबून नव्हतं आणि संध्याकाळी तालमीला येणारी माणसं वर्षानुवर्षं तीच असत. आजच्या नटाला अभिनयावरच जगायचं आहे, आणि तशी इच्छा धरण्यात काहीच चूक नाही. पण मग मुंबईत मालिकेचं काम आलं की तालीम मोडते. सहा जण एका वेळी मोकळे मिळणं जिथे मुश्कील, तिथे बारा जणांचं नाटक कोण लिहायला घेईल? शंभर खुर्च्यांची तिकीटबारी पूर्ण भरली तरी खर्च वजा जाता बारा नटांच्या हाती फारसं काही पडत नाही.

माणसांची मात्र या शहराला वाण नाही. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून दरवर्षी कॉलेजातल्या शेकडो मुलांना तालमीच्या खोलीत आणते. ‘आवाज कुणाचा’च्या आरोळ्यांत मोठी झालेली ही मुलं हाच पुण्याच्या नाटकाचा कच्चा माल आहे. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मुलांचं दुःख मला कळत होतं, पण परीक्षकांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. एकांकिका बसवता येते, पुढे काय? तासाभराची घट्ट रचना जमलेल्या लेखकाला दोन अंकी नाटकापर्यंत नेणारी वाट शहरात जवळजवळ नाही. जागा चालवणाऱ्यांनी आजवर प्रयोगाची सोय केली. आता त्यांनी तालमीची आणि लेखनाचीही सोय करावी, अशी माझी अपेक्षा आहे. वर्षातून एकदा एका संस्थेला दोन महिने रोज संध्याकाळी खोली फुकट द्यावी आणि अट एकच घालावी, रंगमंचावर किमान दहा माणसं हवीत. त्यासाठी लागणारा पैसा या शहरात आहे. संगीत महोत्सवांना तो मिळतोच की.

दुसरी उणीव भूगोलाची. यातल्या बहुतेक जागा सदाशिव-शनिवार पेठा, टिळक रस्ता, कर्वे रस्ता एवढ्या पट्ट्यातच आहेत. हडपसर, खराडी, भोसरी, वाघोली इथे राहणाऱ्या लाखो माणसांना कामावरून परतून रात्रीच्या प्रयोगाला येणं परवडत नाही, ना वेळेत ना पैशात. त्यामुळे प्रेक्षकांत तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात आणि नाटकातली घरंही त्याच चेहऱ्यांची होतात.

ही चौकट मोडता येते हे अतुल पेठे यांनी दाखवलं आहे. २०१२ साली त्यांनी गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ पुणे महानगरपालिका कामगार युनियनच्या सोबतीनं बसवलं. महात्मा फुल्यांच्या जीवनावरचं हे नाटक करणारे अनेक जण महापालिकेतले सफाई कामगार होते. नोकरी सांभाळून त्यांनी तालमी केल्या, गाणी बसवली आणि राज्यभर प्रयोग केले. रंगमंचावर पुन्हा जमाव आला, आणि फुल्यांचे शब्द ज्यांच्यासाठी लिहिले गेले त्यांच्याच तोंडून ऐकू आले. या प्रयोगाकडे सामाजिक उपक्रम म्हणून पाहिलं गेलं, त्याचं कौतुक झालं, पण रंगभाषेच्या अंगानं त्याची चिकित्सा पुरेशी झाली नाही, असं मला वाटतं. निर्मितीची ही रीत कुणी पुढे चालवली असती, तर शहराच्या नाटकाला नवे नट, नवे प्रेक्षक आणि नवी बोली अशा तिन्ही गोष्टी मिळाल्या असत्या. कामगार संघटना आहेत, वसाहतींमधली समाजमंदिरं आहेत, आणि छोटी जागा चालवण्याचं कसब या शहरानं आता कमावलेलं आहे. पुढची शंभर खुर्च्यांची खोली हडपसरला निघावी आणि तिच्या व्यवस्थापनात तिथलीच माणसं असावीत.