‘मॅजिक : द गॅदरिंग’मधील संचरचना : एक चिकित्सा
रिचर्ड गारफिल्ड यांच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ (१९९३) या खेळात स्पर्धक किमान ६० पत्त्यांचा संच स्वतः रचतो. एखाद्या पत्त्याच्या चार प्रती ठेवल्या, तरी आरंभीच्या सात पत्त्यांत त्यांपैकी एखादी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्केच असते. म्हणूनच प्रभावी पत्त्यांची बेरीज म्हणजे संच नव्हे. जे श्नायडर यांनी रचलेला व पॉल स्लाय यांनी १९९६ साली अटलांटा येथे खेळलेला संच याचे बोलके उदाहरण होय. त्यातील अनेक पत्ते दुय्यम मानले जात. परंतु अल्प खर्चाच्या पत्त्यांची चढती मांडणी हेच त्याचे बळ होते. चाचणीचे प्रयोजनही यातूनच स्पष्ट होते. दोनचार विजय योगायोगाचे असू शकतात. अनेक डावांत निरुपयोगी ठरलेला आवडता पत्ता वगळणे, ही रचनाकाराची खरी कसोटी होय.