प्रार्थनामंदिरातील गिऱ्हाईक

ब्रूस बार्टनचे ‘द मॅन नोबडी नोज’ १९२५ साली निघाले, तेव्हा अमेरिकन वाचकांनी त्यावर उड्या घातल्या. बार्टन धर्मोपदेशकाचा मुलगा आणि धंद्याने जाहिरातदार. (दिवाळी अंकात जाहिराती ओलांडून लेख शोधणाऱ्या वाचकाला या धंद्याची ओळख करून द्यायला नको!) येशू हा आधुनिक व्यापाराचा संस्थापक, बारा सामान्य माणसे हाताशी धरून त्याने जगभर पसरणारी संघटना उभारली, त्याचे दृष्टान्त म्हणजे नमुनेदार जाहिराती, असे त्याचे प्रतिपादन. पुस्तक रसाळ आहे, मी एका बैठकीत संपवले. पाया मात्र कच्चा. लूकच्या शुभवर्तमानाच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात बाल येशूच्या तोंडी ‘बिझनेस’ हा शब्द आहे. तिथे त्याचा अर्थ नुसता ‘काम’. मूळ ग्रीकात तर पित्याच्या गोष्टींचा मोघम उल्लेख. बार्टनला तेवढा धागा पुरला. आणि मंदिरातून सराफांना हाकलले, तो प्रसंग? तिथे त्याला दिसते ते येशूचे शरीरबळ!

सिंक्लेअर लुइसची ‘बॅबिट’ (१९२२) आधीची, पण उत्तर तिच्यात सापडते. घर-जमिनींचा दलाल बॅबिट चर्चच्या रविवारच्या शाळेची भरभराट करायला निघतो. शाळेत सैन्यासारखे हुद्दे, आणि बढती किती नवे सभासद ओढून आणले त्यावर! समितीत सोबतीला गावचा मातबर बँकवाला. पुढे त्या ओळखीतून बॅबिटला गुपचूप कर्ज मिळते. लुइस हे जाता जाता सांगतो. बॅबिट निव्वळ ढोंगी नाही. श्रद्धा कुठे संपली नि सौदा कुठे सुरू झाला, हे त्याचे त्यालाच उमगत नाही.

हा केवळ कादंबरीकाराचा उपहास नव्हे. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४ साली नॉर्थ कॅरोलायनात, भर थंडीत, तळ्यातला बाप्तिस्मा पाहिला. त्यातला एक तरुण हे का करतो, याचे उत्तर नातेवाइकाने दिले: त्याला बँक काढायची आहे! पंथ चारित्र्य पारखूनच सभासद घेई, म्हणून सभासदत्व हीच पत. परक्या मुलखात विश्वासाला आधार हवा, हे मला मान्य. पण तिथे निदान पारख होती. बॅबिटच्या वाटेने गेले की शेजारच्या बाकावरचा माणूस गिऱ्हाईक होतो. त्याला ‘नको’ म्हणणे जड जाते, आणि ज्याची ऐपतच नाही त्याच्याशेजारी बसायला कोणाला सवड नसते.

दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत. आधी बार्टन.