मौसलपर्वांतील मुसळ व कल्पित अणुअस्त्र

प्राचीन काळीं परग्रहावरून कोणी प्रगत लोक पृथ्वीवर उतरले, त्यांनीं मानवाच्या युद्धांत हात घातला, भारतीयांच्या एका महायुद्धांत अणुअस्त्र सोडलें व त्या स्फोटांत सिंधु नदीकाठचें मोहेंजोदडो भस्म झालें, असें एक मत गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ प्रचलित आहे. एरिख फॉन डेनिकेन या स्विस लेखकाचा, प्राचीनांचे देव म्हणजे अंतराळांतून आलेले पाहुणे असें सांगणारा जर्मन ग्रंथ १९६८ मध्यें निघाला. त्यानें महाभारतांतील अस्त्रवर्णनांचा आधार घेतला. १९७९ मध्यें डेव्हनपोर्ट व व्हिन्चेंती या दोघांनीं इटालियन भाषेंत मोहेंजोदडोचा नाश अणुस्फोटानें झाला असें प्रतिपादन केलें. अशा मतांस उत्तर देण्याचें एरवीं प्रयोजन नव्हतें. परंतु येथें मुख्य साक्षीदार म्हणून एक संस्कृत ग्रंथ उभा केला आहे. आणि साक्षीदाराची जबानी मूळ शब्दांत तपासणें हें तर आपलें नित्याचें काम होय.

जो उतारा सर्वत्र पुढें केला जातो त्याचा आशय असा: गुरखा नांवाच्या कोणी वेगवान विमानांतून वृष्णि व अंधक यांच्या तीन नगरांवर एकच अस्त्र टाकलें, दहा हजार सूर्यांसारखा धुराचा व ज्वालांचा स्तंभ उठला, तें लोखंडी अस्त्र म्हणजे मृत्यूचा दूतच होता, प्रेतें ओळखूं येईनात, केंस व नखें गळालीं, मातीचीं भांडीं आपोआप फुटलीं, पक्षी पांढरे पडले, अन्न दूषित झालें. खालीं निर्देश कधीं नुसता 'महाभारत' असा, तर कधीं 'मौसलपर्व' असा असतो. अध्याय व श्लोक बहुधा नसतात. कोणत्या प्रतीचा पाठ घेतला हें तर कधींच नसतें.

आतां हें कापड उसवून पाहूं.

(१) महाभारतांत गुरखा नांवाचा कोणी योद्धा नाहीं. एका बाणानें तीन नगरें जाळण्याची कथा कर्णपर्वांत आहे; पण तीं नगरें असुरांचीं, जाळणारा शंकर, व कथा त्रिपुरदहनाची. वृष्ण्यंधकांशीं तिचा संबंध नाहीं.

(२) ज्वाला, अंधकार व होरपळून पडणारे हत्ती हें वर्णन द्रोणपर्वांतील, अश्वत्थाम्यानें सोडलेल्या आग्नेयास्त्राचें आहे. तेथें एक अक्षौहिणी सेना जळाली असें म्हटलें आहे. पण अर्जुनानें ब्रह्मास्त्र योजतांच अंधार निवळला व कृष्णार्जुन रथासह अक्षत दिसले, हेंहि तेथेंच आहे. उतारा देणारे हा उत्तरार्ध गाळतात.

(३) सहस्र सूर्यांची प्रसिद्ध उपमा भीष्मपर्वांत, गीतेच्या अकराव्या अध्यायांत आहे. ती विश्वरूपाच्या तेजास दिली आहे, अस्त्रास नव्हे.

(४) राहिलें मौसलपर्व. त्याची कथा वाचकांस ठाऊक आहे. सांबास स्त्रीवेष देऊन यादवांनीं विश्वामित्र, कण्व व नारद यांची थट्टा केली. शापानें सांबास लोखंडी मुसळ झालें. राजानें त्याचें चूर्ण करवून समुद्रांत टाकविलें. पुढें अपशकुन झाले. झोपलेल्यांचे केंस व नखें रात्रीं उंदीर कुरतडूं लागले. मडक्यांस तडे गेले. पांडुरवर्णाचे व तांबड्या पायांचे पक्षी यादवांच्या घरांत फिरूं लागले. शिजलेल्या अन्नांत किडे दिसूं लागले. मूळांत गळणारे केंस नाहींत, कुरतडणारे उंदीर आहेत. पांढरे पडणारे पक्षी नाहींत, पांढरेच पक्षी आहेत. मुख्य म्हणजे हीं चिन्हें संहाराच्या आधींचीं आहेत. स्फोटाचे परिणाम स्फोटापूर्वीं कसे दिसले?

शिवाय हा प्रसंग भारतीय युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षाचा. संहार झाला तो प्रभासक्षेत्रीं, सौराष्ट्राच्या समुद्रतीरीं, सिंधमध्यें नव्हे. मद्य पिऊन सात्यकि व कृतवर्मा यांनीं एकमेकांचीं जुनीं पापें उकरलीं, सात्यकीनें कृतवर्म्याचें डोकें उडविलें, आणि एरका गवताच्या काड्यांचीं मुसळें होऊन यादवांनीं यादवांस मारलें. द्वारका बुडाली ती समुद्रानें.

चार पर्वांचे तुकडे एका वाक्यांत कसे शिवले गेले, याचें अनुमान कठीण नाहीं. किसरी मोहन गांगुली यांचें इंग्रजी भाषांतर प्रतापचंद्र रॉय यांनीं १८८३ ते १८९६ या काळांत प्रसिद्ध केलें. मुसळास त्यांत लोखंडी वज्रासारखा शब्द योजिला आहे. मुसळ म्हटलें तर उखळ आठवतें, वज्र म्हटलें तर वीज आठवते. भाषांतराचा संक्षेप, संक्षेपाचें दुसऱ्या भाषेंत भाषांतर, असें होतां होतां मूळ सुटलें. नकलेवरून नकल करणाऱ्या लेखकांच्या हातून पोथ्यांचें काय होतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ति १९६६ मध्यें पुरी झाली. निरनिराळ्या प्रांतांतील व लिप्यांतील प्रतींचे पाठभेद तिच्या पृष्ठांच्या तळाशीं आहेत. वरील उतारा जसाच्या तसा वर मुख्य पाठांत नाहीं व खालीं पाठभेदांतहि नाहीं.

मोहेंजोदडोची साक्षहि अशीच. तेथील उत्खनन १९२२ मध्यें राखालदास बानर्जी यांनीं सुरू केलें. तेथें मिळालेले सुमारें ३७ सांगाडे वा त्यांचे अवशेष हा एकाच दिवसाच्या संहाराचा पुरावा मानण्याची चूक प्रथम गूढवाद्यांनीं नव्हे, तर व्हीलरसारख्या मोठ्या पुरातत्त्वज्ञानें १९४७ मध्यें केली. त्यानें आरोपी इंद्र ठरविला. १९६४ मध्यें जॉर्ज डेल्स यानें दाखविलें कीं हे सर्व सांगाडे एकाच काळचे नाहींत व अखेरच्या वस्तीवर सार्वत्रिक जळिताचा थर नाहीं. पुढें केनेडी यानें अस्थि तपासल्या, तेव्हां बहुतेकांवर घातक आघाताच्या खुणा आढळल्या नाहींत. ज्यांस स्फोटानें वितळलेले दगड म्हणतात त्यांच्या जागीं भट्टींत अति भाजून कांचेसारखीं झालेलीं खापरें हें सरळ कारण आहे. आणि ज्या स्फोटानें दगड वितळले, त्यांत पुरुष-दीड पुरुष उंचीच्या विटांच्या भिंती उभ्या कशा राहिल्या? सांगाड्यांत किरणोत्सार आहे म्हणणारे कोणता सांगाडा, कोणी, कोठें मोजला हें सांगत नाहींत.

हें मत आपल्यांतील कित्येकांस गोड वाटतें, कारण त्यांत पूर्वजांचा गौरव दिसतो. पण हिशेब नीट मांडावा. सिंधुतीरीं गटारें बांधणारे, विटांचें प्रमाण ठरविणारे लोक यांत केवळ परक्यांच्या आगीचे बळी होतात. व्यासांच्या नांवावरील काव्य एका अपघाताचा कच्चा अहवाल ठरतें. मौसलपर्वांत बाहेरून शत्रु येत नाहीं. कुल आपल्याच उन्मत्तपणानें आपल्याच हातीं मरतें, आणि कृष्णासहि तें आवरत नाहीं. आकाशांतून कोणी परका आणून बसविला कीं पर्वाचा अर्थच नाहींसा होतो.

तथापि वाद खुला ठेवणें हा शास्त्राचा धर्म आहे. महाभारताच्या पोथ्या अजून कित्येक घरांत व मठांत अप्रकाशित असतील. त्यांपैकीं कोणा संग्राहकाच्या दप्तरांत हा उतारा संस्कृतांत असल्यास त्यानें पर्व, अध्याय, पत्रांक, लिपि, लेखनाचा शक व नकल करणाराचें नांव यांसह तो प्रसिद्ध करावा. प्रस्तुत लेखक वरील प्रत्येक विधान फिरून तपासील. तोंवर मुसळ तें मुसळच.