प्रश्नोत्तरे आणि रसिकता

लेखकाची लोकप्रियता मोजण्याची साधने अनेक आहेत. आवृत्त्यांची संख्या हे एक, सभेतील गर्दी हे दुसरे. तिसऱ्या एका साधनाकडे मात्र टीकाकारांचे लक्ष फारसे जात नाही. लेखक खरोखर घरचा झाला, म्हणजे त्याच्या पुस्तकांतील बारीकसारीक तपशिलांवर लोक परस्परांस प्रश्न घालू लागतात. मराठीत हा मान पु. ल. देशपांडे यांच्याइतका क्वचितच कोणास लाभला असेल. २००० साली ते निवर्तले. परंतु त्यांच्या पुस्तकांतील माणसे अद्याप आपल्या बैठकीतून उठलेली नाहीत.

गेल्या मे महिन्यात आम्ही तीन-चार कुटुंबे महाबळेश्वरास उतरलो होतो. एके दिवशी वेण्णा तलावावरून परततो न परततो तोच वळवाचा पाऊस कोसळू लागला, आणि संध्याकाळ घरातच काढणे भाग पडले. कोणीतरी पु. लं.च्या साहित्यावर प्रश्नोत्तरे सुरू केली. ‘रावसाहेब’ हे व्यक्तिचित्र कोणत्या पुस्तकातले, असा प्रश्न निघताच वडीलधाऱ्या मंडळींनी एकमुखाने ‘व्यक्ती आणि वल्ली’चे नाव घेतले. स्नेह्यांच्या पंधरा वर्षांच्या कन्येने तत्काळ दुरुस्ती केली, “नाही, ‘गणगोत’!” उत्तर बिनचूक होते. अखेर बक्षीसही तिनेच पटकावले. तुला सर्वांत कोणते चित्र आवडते, असे मी कौतुकाने विचारले, तेव्हा ती निर्मळपणे म्हणाली, “काका, पुस्तकं मी वाचलेली नाहीत. बाबांच्या गाडीत थोडं ऐकलंय, आणि बाकीचे प्रश्न पाठ केलेत.”

सगळे हसले, मीही हसलो. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर ते उत्तर मनातून जाईना.

अशा खेळांची थट्टा करून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. केंब्रिज येथील क्राइस्ट्स कॉलेजात कॅल्व्हर्ली या विनोदी कवीने १८५७ साली डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’वर एक लेखी परीक्षा घेतली होती. सॅम वेलरच्या एका उद्गारावरून त्या काळच्या भाडोत्री गाडीचा मैलागणिक दर काढा, अशा मासल्याचे प्रश्न तीत होते. पहिले पारितोषिक वॉल्टर बेझंटने मिळविले, दुसरे स्कीटने. पुढे बेझंट कादंबरीकार झाला, आणि स्कीट इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा गाढा पंडित म्हणून गाजला. तेव्हा तपशिलाचा हव्यास हे उथळपणाचेच लक्षण, असे म्हणता येत नाही. ज्याने पुस्तक मन लावून वाचले आहे त्याच्या हाती असा प्रश्न म्हणजे प्रेमाची खोडी असते.

मग दोष कोठे येतो? १९३३ साली नाइट्स या इंग्रज टीकाकाराने लेडी मॅक्बेथला मुले किती होती, हा प्रश्नच आपल्या निबंधाचे शीर्षक करून, नाटकातील पात्रांस जिवंत माणसे समजून त्यांची खानेसुमारी करणाऱ्या टीकेचा उपहास केला. त्याचा रोख विद्वानांवर होता. पण त्यातील इशारा आपल्यासही लागू पडतो. काही प्रश्न उत्तर मिळताच संपतात; काही प्रश्नांचे उत्तर आपणांस पुन्हा पुस्तकाकडे नेते. रावसाहेब कोणत्या पुस्तकात, हा पहिल्या जातीचा प्रश्न. दुसऱ्या जातीचे उदाहरण चितळे मास्तरांच्या व्यक्तिचित्रात आहे. दाराबाहेरच्या चपलांच्या घोळक्यात मास्तरांच्या चपला लेखकाने कशावरून ओळखल्या? टाचा सर्वांहून अधिक झिजलेल्या होत्या, यावरून. हा तपशील खरा, परंतु त्यात एका शिक्षकाचे अवघे आयुष्य साठविलेले आहे. हे उत्तर ज्यास नुसतेच ठाऊक आहे त्यास एक गुण मिळेल. ज्याने तेथवरचा मजकूर वाचला आहे त्याचा कंठ दाटून येईल.

अंतू बर्व्याच्या वाट्याला तर याहून मोठा अन्याय आला आहे. घरात विजेचा दिवा का घेतला नाही, याचे अंतूशेटने दिलेले कारण हा प्रश्नोत्तरांतला हमखास प्रश्न. दारिद्र्य पाहावयास एवढ्या उजेडाची गरज काय, हा त्या उत्तराचा आशय. उत्तर देणारा हसतो, ऐकणारे हसतात, आणि पुढचा प्रश्न येतो. त्या तिरकस बोलण्यामागे रत्नागिरीच्या एका म्हाताऱ्याचे एकाकीपण आहे; हसण्यासाठी उघडलेले तोंड तेथे क्षणभर मिटावे, ही लेखकाची अपेक्षा. प्रश्नोत्तरांच्या घाईत नेमका तो क्षणच गळून पडतो. विनोद उरतो, करुणा जाते, आणि पु. ल. केवळ हसविणारे लेखक होते, हा समज पुढील पिढीच्या हाती वारसा म्हणून पडतो.

पुस्तकांनी पछाडलेल्या चाहत्याचे चित्र पु. लं.नी स्वतःच ‘सखाराम गटणे’मध्ये रंगविले आहे. गटणेची त्यांनी भरपूर थट्टा केली, पण त्याचा तिरस्कार केला नाही. कारण तो पोथीनिष्ठ असला तरी वाचीत होता. आजचा आपला गटणे न वाचताच परीक्षेस बसतो, एवढीच तक्रार आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिलारला गेलो. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरील हे गाव २०१७ सालापासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे गावकऱ्यांच्या घरांतून पुस्तके मांडलेली आहेत, आणि येईल त्याने बसून ती वाचावीत असा परिपाठ आहे. आमची विजेती ‘व्यक्ती आणि वल्ली’ घेऊन एका ओसरीवर बसली. तासाभराने मी हाक मारली तेव्हा पुस्तक मिटून तिने विचारले, “काका, ते विजेचं बोलताना अंतूशेट स्वतः हसत असतील का हो?”

आदल्या संध्याकाळी इतके प्रश्न झाले. ज्याचे उत्तर आम्हां थोरांपैकी कोणासही चटकन देता आले नाही, असा प्रश्न हा पहिलाच होता. परतताना गाडीत त्यावरच वाद चालला, आणि त्या वादासाठी दोघांतिघांस ते पुस्तक पुन्हा उघडावे लागले.